न सांडणारी नळी

पदार्थविज्ञानाच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "स्ट्रॉने सरबत पिताना सरबत वर का चढते ?" बहुतेक विद्यार्थी "आपण ओढतो म्हणून" असे उत्तर देतात, आणि परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून लगेच "वातावरणाच्या दाबामुळे" अशी दुरुस्ती करतात. एवढ्यावर दोघांचेही समाधान होते. परंतु याच नळीसंबंधीचा दुसरा प्रश्न मी आजवर कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. तो असा : मूल ओढत नसताना नळीतून थेंबही बाहेर येऊ नये, पेला कलंडला, उलटा झाला, जमिनीवर आपटला तरी येऊ नये, आणि मुलाने ओठ लावताच मात्र पेय विनासायास तोंडात यावे, यासाठी काय करावे लागेल?

प्रश्न बालिश वाटेल. पण ज्यांच्या घरी वर्षा-दोन वर्षांचे मूल आहे त्यांना तो तसा वाटणार नाही. गेली काही वर्षे मी पदार्थविज्ञानाच्या वर्गात दाब, पृष्ठताण आणि द्रवांचा प्रवाह हे धडे याच एका वस्तूच्या आधाराने शिकवतो. बाजारात मिळणारे झाकणाचे आणि नळीचे पेले आणून आम्ही ते उघडतो, उलटे टांगतो, धुतो, आणि कशाने काय होते ते पाहतो. या खटाटोपातून माझे जे मत बनले ते आधीच सांगून टाकतो. अशा नळीला तीन अटी पाळाव्या लागतात : ती सांडू नये, ती मुलाला ओढता यावी, आणि ती घरातल्या माणसाला धुता यावी. पहिली अट जितकी कडक करावी तितक्या उरलेल्या दोन अवघड होत जातात. हे असे का होते, ते आता क्रमाने पाहू.

ओढणे म्हणजे काय ?

नळीने पिताना आपण खरोखर द्रवाला ओढत नसतो. जीभ खाली घेऊन आपण तोंडातील पोकळी मोठी करतो, तेथला हवेचा दाब उतरतो, आणि पेल्यातील द्रवावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो तो द्रवाला नळीतून वर ढकलतो. इटलीत तोरिचेल्लीच्या १६४३ च्या प्रयोगाने हे प्रथम स्पष्ट झाले. हवा पाऱ्याचा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरते. पाणी घेतले तर तोच स्तंभ सुमारे १०.३ मीटर भरतो. हे झाले समुद्रकाठचे. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. येथे हवा थोडी विरळ, म्हणून हा स्तंभ साडेनऊ मीटरच्या आसपास भरेल. पुढच्या साऱ्या आकडेमोडीत मी दाब 'इतके सेंटिमीटर पाणी' अशा भाषेतच सांगणार आहे, आणि हवेचा दाब ९५० सेंटिमीटर धरणार आहे.

मुलाच्या पेल्यातील नळी साधारण १५ सेंटिमीटर उंच असते. म्हणजे पेय तोंडाशी आणण्यासाठी तोंडातला दाब हवेच्या दाबापेक्षा १५ सेंटिमीटरने, म्हणजे जेमतेम साठाव्या हिश्श्याने, कमी करावा लागतो. आमच्या महाविद्यालयाच्या जिन्यावरून पारदर्शक नळी सोडून रंगीत पाणी ओढावयास सांगितले तर विद्यार्थी ते दोन मीटरपर्यंत सहज चढवतात. लहान मुलाच्या बाबतीत मात्र हे बळ धरून चालता येत नाही. त्याचे तोंड लहान, स्नायू कोवळे, आणि मुख्य म्हणजे ते एकसारखे ओढत नाही. एक घोट, एक श्वास, इकडे तिकडे पाहणे, पुन्हा एक घोट, असा त्याचा क्रम असतो. दर घोटाला नळी पुन्हा नव्याने भरावी लागली तर ते कंटाळून पेला फेकून देते, आणि मग सांडण्याचा प्रश्न वेगळ्याच रूपाने उभा राहतो.

काडीपासून नळीपर्यंत

स्ट्रॉ या शब्दाचा अर्थच मुळी काडी. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत राय नावाच्या धान्याच्या पोकळ काड्यांनी पेये पीत असत. ती काडी पेयात भिजून मऊ पडे व आपली गवती चव पेयाला देई. वॉशिंग्टन येथील मार्विन स्टोन या गृहस्थांचा कागदी सिगारेट-नळ्या बनवण्याचा व्यवसाय होता. त्यांनी कागद गुंडाळून, डिंकाने चिकटवून आणि मेण लावून पिण्याची नळी तयार केली व ३ जानेवारी १८८८ रोजी तिचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळवले.

पुढची पायरी एका लहान मुलीमुळे पडली. सॅन फ्रान्सिस्कोत जोसेफ फ्रीडमन यांच्या भावाचे शीतपेयांचे दुकान होते. तेथे फ्रीडमन यांची लहानगी मुलगी ज्युडिथ सरळ नळीने मिल्कशेक पिण्यासाठी धडपडत होती. नळीचे टोक तिच्या तोंडापासून वर राही. फ्रीडमन यांनी कागदी नळीत एक स्क्रू घातला, बाहेरून दातांच्या फटी साफ करण्याचा दोरा स्क्रूच्या आट्यांवरून आवळून गुंडाळला, आणि मग दोरा व स्क्रू काढून घेतले. नळीवर वळ्या उठल्या. त्या वळ्यांशी नळी न चेपता वाकू लागली. १९३७ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. गमतीची गोष्ट अशी की १९४७ मध्ये या वाकड्या नळीचे पहिले गिऱ्हाईक ठरले ते एक रुग्णालय. अंथरुणावर पडलेल्या माणसाला पेला न कलंडवता पिता येऊ लागले.

या हकिकतीत आपल्या विषयाचे पहिले सूत्र आहे. पेला तोंडाकडे कलंडवावा लागतो, म्हणून तो सांडतो. नळी तोंडाकडे वळवता आली की पेला सरळ राहतो. तेव्हा वाकणारी नळी हाच सांडण्यावरचा पहिला उपाय. मात्र तो शहाण्या माणसासाठी पुरेसा आहे. ज्याला पेला ही पिण्याइतकीच आपटण्याचीही वस्तू वाटते त्याच्यासाठी नाही.

बंद पेल्याचा घोटाळा

साहजिकच पुढचा विचार असा सुचतो : पेल्याला घट्ट झाकण बसवू, झाकणातून नळी आत सोडू, नळीभोवती फट ठेवणार नाही. असा पेला उलटा केला तर काय होते ? वर्गात बहुतेकजण सांगतात की सारे पाणी नळीतून वाहून जाईल. प्रत्यक्षात तसे होत नाही. पेला उलटा होताच पाणी झाकणाकडे उतरते आणि नळीचे आतले टोक, जे पेल्याच्या तळाशी होते, ते आता वरच्या हवेत उघडे राहते. नळीत होते तेवढे पाणी गळते आणि थांबते. खरा धोका पेला आडवा पडण्यात आहे. आडव्या पेल्यात नळीचे आतले टोक पाण्यात बुडालेले आणि बाहेरचे टोक पाण्याच्या पातळीखाली असू शकते. तरीही झाकण खरोखर घट्ट असेल तर थोडे पाणी गेल्यावर आतली हवा विरळ होते, बाहेरच्या हवेचा दाब नळीच्या तोंडाशी पाणी रोखून धरतो, आणि गळणे थांबते. नळी पाण्यात बुडवून वरच्या टोकावर बोट ठेवावे आणि नळी उचलावी, पाणी आत लटकून राहते; तोच हा प्रकार.

मग प्रश्न सुटला म्हणावे काय ? नाही; कारण जी युक्ती सांडणे थांबवते तीच पिणेही थांबवते. आकडे घालून पाहू. २५० मिलिलिटरच्या पेल्यात २०० मिलिलिटर ताक आहे आणि वर ५० मिलिलिटर हवा आहे. मुलाने १० मिलिलिटर, म्हणजे दोन छोटे घोट, घेतले. आत हवा येण्यास वाट नाही, म्हणून ५० ची हवा ६० मध्ये पसरली. बॉइलच्या नियमाने तिचा दाब पाच-षष्ठांशावर आला. म्हणजे ९५० पैकी सुमारे १५८ सेंटिमीटर दाब कमी झाला. आता तिसऱ्या घोटासाठी मुलाला दीड मीटरहून अधिक उंच नळीतून ओढल्याइतके बळ लावावे लागेल. मोठ्या माणसाचेही गाल यात दुखतील.

म्हणून पेय बाहेर जाईल तितकी हवा आत आलीच पाहिजे. झाकणाला बारीक छिद्र पाडले तर ? येथे पृष्ठताण थोडी मदत करतो. एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर पाण्याचा पृष्ठभाग ताणून बसतो आणि सुमारे ३ सेंटिमीटर पाणी तोलून धरतो. छिद्र याच्या एक-तृतीयांश केले तर ९ सेंटिमीटर. पण दुधाचा पृष्ठताण पाण्याहून कमी असतो, म्हणून दूध याहून लवकर गळते. आणि पेला आपटला की तो नाजूक पडदा फुटून थेंब बाहेर पडतोच. शिवाय इतके बारीक छिद्र एकदा दुधाच्या सायीने बुजले की मुलाच्या दृष्टीने पेला पुन्हा पूर्ण बंद. तेव्हा हवा आत येऊ देईल पण द्रव बाहेर जाऊ देणार नाही अशी झडप येथे बसवावी लागते. पेय येण्याच्या वाटेवर एक झडप आणि हवा येण्याच्या वाटेवर दुसरी, असा हा संसार वाढत जातो.

नळीच बारीक करून सांडण्याचा वेग कमी करावा, असे एखाद्याला सुचेल. पण नळीतून संथपणे जाणारा प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला तर तितक्याच बळाने सोळावा हिस्सा पेय येईल. पाण्याचे एक वेळ ठीक. नाचणीचे आंबील असल्या नळीतून चढवणे म्हणजे मुलाला शिक्षाच.

चिरेची झडप

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध कथा इंग्लंडमधील मँडी हेबरमन यांची आहे. १९९० मध्ये त्यांनी एका लहान मुलाच्या पेल्यातून फळांचा रस गालिच्यावर सांडताना पाहिला. त्या वेळचे 'न सांडणारे' पेले खरे तर झाकण बंद असेपर्यंतच न सांडणारे होते. पिण्यासाठी उघडले की साध्या पेल्यासारखेच. दोन घोटांच्या मधल्या वेळात पेल्याने आपोआप बंद व्हावे, अशी त्यांची कल्पना. त्यासाठी पेल्याच्या चोचीत त्यांनी चीर असलेला लवचीक पडदा बसवला. मुलाने ओढले की चीर उघडते, ओठ काढले की मिटते. हा पेला १९९० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आला. सांगतात की हेबरमन यांनी रस भरलेला पेला तसाच खोक्यात घालून एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी-अधिकाऱ्याला टपालाने पाठवला. तो कोरडा पोहोचला. मोठमोठ्या जाहिरातींनी जे साधले नसते ते त्या एका खोक्याने साधले.

पुढे एका स्पर्धक कंपनीशी पेटंटवरून त्यांचा दावा लागला. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की यात शोध कसला, चिरेच्या झडपा तर पूर्वीपासून होत्याच. इंग्लंडच्या न्यायालयाने १९९९ मध्ये हेबरमन यांच्या बाजूने निकाल दिला. उपाय साधा आहे हे खरे. पण गरज इतकी जुनी, बाजार इतका मोठा, आणि साहित्य हाताशी असतानाही तो इतकी वर्षे कोणाला सुचला नव्हता, हीच गोष्ट त्यातील नावीन्य दाखवते, असा त्या निकालाचा रोख होता. 'हे तर मलाही सुचले असते' असे म्हणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

हेबरमन यांचा पेला चोचीचा होता, नळीचा नव्हे. परंतु तीच झडप नळीच्या तोंडाशीही बसवता येते. तिची मख्खी अशी. सिलिकोन रबराचा पडदा किंचित घुमटासारखा करतात आणि घुमटाची पाठ द्रवाकडे ठेवतात. द्रवाचा थोडासा दाब आला तर चिरेचे दोन्ही ओठ एकमेकांवर अधिकच आवळले जातात. दाबातील फरक एका ठराविक मर्यादेपलीकडे गेला की घुमट उलटा होतो आणि चीर उघडते. ही मर्यादा किती ठेवावी, यातच रचनाकाराची सारी परीक्षा आहे. आडव्या किंवा उलट्या पेल्यातील पाण्याचा दाब फार तर १० सेंटिमीटर भरेल. पेला हलण्या-आपटण्याचा विचार करून मर्यादा २० ठेवू. आता मुलाला काय करावे लागेल ? १५ सेंटिमीटर नळीची उंची, २० झडपेचे, आणि हवेच्या झडपेचे समजा ५, मिळून ४०. साध्या नळीच्या जवळजवळ तिप्पट. मर्यादा उतरवली तर पेला गळतो, चढवली तर मूल उपाशी राहते. मधली जागा अगदी चिंचोळी आहे.

झडपेला माणूस ओळखू येत नाही

झडपेला मूल दिसत नाही. तिला फक्त आपल्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक कळतो. तो फरक मुलाने बाहेरून दाब उतरवल्यामुळे पडला की आतून दाब चढल्यामुळे, हे तिला समजण्याचा काही मार्ग नाही. आतून दाब चढण्याची कारणे तर आपल्या रोजच्या व्यवहारात पुष्कळ आहेत.

पहिले कारण मूठ. आपल्याकडे १९८५ साली आंब्याचे पेय कागदी खोक्यातून मिळू लागले. तेव्हापासून प्रत्येक पिढीतील मुलांनी ते खोके हातात आवळून नळीतून कारंजे उडवले आहे. खोक्याच्या भिंती मऊ असतात, म्हणून मुठीचा दाब थेट पेयावर जातो. येथे कोणतीही एकेरी झडप उपयोगाची नाही. पेल्याच्या भिंती कडक हव्यात, एवढाच यावर उपाय.

दुसरे कारण ऊन. शीतकपाटातून ८ अंशांवर काढलेला बंद पेला ३० अंशांपर्यंत तापला तर आतील हवेचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ७० सेंटिमीटरांहून अधिक. पाण्याच्या वाफेचा दाब वाढतो तो वेगळाच. नळीची उंची १५ आणि झडपेचे २० मिळून ३५ सेंटिमीटरांचाच अडसर आहे. तो ओलांडून पेय आपणहून बाहेर येते.

तिसरे कारण आपल्या बेळगावकरांच्या विशेष परिचयाचे, ते म्हणजे घाट. पणजीत भरून घट्ट बंद केलेला पेला चोर्ला घाटाने वर आणला की बाहेरच्या हवेचा दाब १०३३ वरून ९५० वर येतो, पण आतली हवा अजून पणजीचीच असते. फरक ८० सेंटिमीटरांहून थोडा अधिक. मागच्या आसनावर बसलेल्या मुलाने झाकण सरकवताच नळीतून चिळकांडी उडते आणि बिचाऱ्याला उगाच बोलणी बसतात. दोष मुलाचाही नाही आणि पेल्याचाही नाही. पेला द्यायच्या आधी झाकण क्षणभर सैल करून हवा सोडून दिली म्हणजे भागते. विमानातही याच कारणाने असेच घडते.

झडपेने माणूस ओळखावा म्हणून चावून उघडणारी झडपही निघाली आहे. दातांत धरून चेपली तरच तिची चीर उघडते. मोठ्या खेळाडूंना ती सोयीची. पण नुकते दात आलेले मूल मऊ सिलिकोन चावता चावता तुकडा काढू शकते, आणि तो घशात अडकण्याचे भय असते. खेळण्यांच्या तपासणीत तीन वर्षांखालील मुलांसाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची एक नळकांडी वापरतात. सुटणारा भाग तिच्यात पूर्ण मावला तर ते खेळणे नापास. नळीच्या पेल्यातील प्रत्येक सुटा भाग याच कसोटीवर घासून पाहावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

आणखी एक युक्ती म्हणजे वजनाची नळी. मऊ नळीच्या आतल्या टोकाला लहानसे वजन लावले की पेला कसाही धरला तरी ते टोक द्रवाकडेच जाते. शेवटचा घोटही मिळतो, आणि पडून पिणाऱ्या मुलालाही पिता येते. पण उलट्या पेल्यात नळीचे टोक हवेत राहते हे जे फुकटचे संरक्षण आपण मघाशी पाहिले, ते आता गेले. म्हणजे झडप अधिकच आवश्यक झाली. एका उपायातून दुसरी गरज जन्मते, ती अशी.

सांडलेले दिसते, साठलेले दिसत नाही

आता तिसऱ्या अटीकडे वळू. माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची, आणि डब्यावरच्या जाहिरातीत तिलाच सर्वांत कमी जागा असते.

झडप म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून ठेवणे. जेथे दोन पृष्ठभाग दाबून राहतात तेथे दुधाचा पातळ थर अडकतो, तेथे हवा खेळत नाही, ऊन लागत नाही आणि ओल वाळत नाही. बुरशीला याहून चांगले घर कोणते ? अमेरिकेत २०१६ मध्ये एका प्रसिद्ध कंपनीचे सुमारे ३१ लाख न सांडणारे पेले परत मागवण्यात आले. त्यांतील झडप एकसंध होती. ती पेल्यातून निघे, पण तिची स्वतःची दोन अंगे वेगळी करून आतून घासता येत नव्हती. आत बुरशी धरल्याच्या तक्रारी तीन हजारांच्या वर गेल्या, आणि काही मुलांना पोटाचा त्रास झाल्याचेही कळवले गेले. तो पेला सांडत नव्हता. त्या अर्थाने रचना यशस्वीच होती.

सांडलेले दूध आपल्याला दिसते, म्हणून ते आपण पुसतो. झडपेत साठलेले दिसत नाही. दिसणारी लहान अडचण टाळण्यासाठी न दिसणारी मोठी अडचण पत्करणे, हा या साऱ्या वस्तुप्रकाराचा मूळ धोका आहे.

या संदर्भात आपल्या आजीच्या काळच्या बोंडल्याची आठवण होते. (आमच्या कन्नड विभागातील वाचकांच्या घरी त्याला ओळले म्हणतात.) चांदीचे किंवा पितळेचे, एका बाजूला चोच असलेले ते छोटे उघडे भांडे. त्याला झडप नाही, झाकण नाही, सांधा नाही. ते सांडते; किंबहुना सांडू न देण्याची सारी जबाबदारी पाजणाऱ्या हातावर असते. पण बोट आत घालून ते पूर्ण घासता येते, उकळता येते, आणि स्वच्छ झाले की नाही हे डोळ्यांना दिसते. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा म्हणतात त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे. १९९२ च्या कायद्याने भारतात दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी घातली ती उगाच नव्हे.

नळी कशाची असावी, यालाही हीच कसोटी लावावी. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर आपल्या देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आली. कागदी नळी दुधात मऊ पडते. पोलादी नळी टिकाऊ आणि धुण्यास सोपी. पण धावणाऱ्या मुलाच्या तोंडात कडक नळी असणे धोक्याचे. २०१६ मध्येच अमेरिकेत सुमारे २५ लाख पोलादी नळ्या लहान मुलांच्या तोंडाला जखमा झाल्यामुळे परत मागवल्या गेल्या. म्हणून मुलांसाठी मऊ, उकळता येणारी सिलिकोनची नळी आज योग्य वाटते. अर्थात ती चावून चिरते, आणि तडा दिसताच टाकून द्यावी लागते.

मग नळी कशी असावी ?

माझ्या विद्यार्थ्यांनी आणि मी मिळून जी रचना पसंत केली आहे ती अशी. पेल्याच्या भिंती कडक, बूड रुंद व जड, म्हणजे तो मुळात कलंडूच नये. सिलिकोनची नळी आखूड आणि आतून चांगली रुंद, धुण्याचा ब्रश आरपार जाईल अशी. तोंडाशी झडप नाही. त्याऐवजी सरकते झाकण, जे बंद करताच नळी मुडपून पूर्ण बंद होते. हवेसाठी झाकणात एकच लहानशी चिरेची झडप, जी बोटाने दाबून बाहेर काढता येते आणि उलटवून धुता येते. सुटे भाग चारांहून अधिक नाहीत, आणि त्यांतील एकही त्या नळकांडीत मावणारा नाही. हा पेला दप्तरात सांडणार नाही. मुलाच्या हातात झाकण उघडे असताना आडवा पडला तर मात्र चमचाभर सांडेल. तो चमचाभर आम्ही हिशेबात धरला आहे.

या नियमाला एक अपवाद आवर्जून सांगितला पाहिजे. सेरेब्रल पाल्सीसारख्या विकारामुळे ज्या मुलांचे ओठ आणि गाल दुबळे असतात त्यांना नळी दर वेळी तळापासून भरणे जमत नाही. त्यांच्यासाठी नळीच्या खालच्या टोकाला एकेरी झडप बसवतात. एकदा चढलेले पेय मग खाली उतरत नाही, आणि पुढचा घोट कमी श्रमात मिळतो. येथे झडप गालिचा वाचवण्यासाठी नाही. तहानलेल्या मुलाचे श्रम वाचवण्यासाठी आहे. ती धुण्याचा जादा त्रास आनंदाने सोसावा. मात्र अशा मुलांच्या घशात पेय चुकीच्या वाटेने जाण्याचा धोका असतो, म्हणून कोणती नळी द्यावी हे वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.

बाकीच्या मुलांना घट्ट झडपेची सवय फार दिवस ठेवू नये, असे अमेरिकेतील दंतवैद्यांची संघटनाही सांगते. झडपेतून ओढणे हे बाटली चोखण्यासारखेच असते. त्यात मूल घोट घ्यायला शिकत नाही. शिवाय न सांडणारा पेला दिवसभर हातात राहतो, आणि गोड पेय दिवसभर दातांवर. शेवटी मुलाला शिकायचे आहे ते उघड्या भांड्याने पिणे. नळी ही त्या वाटेवरची थोड्या दिवसांची सोबत आहे.

ज्या विद्यार्थ्यांना पुढे उद्यमबागेतल्या कारखान्यांत किंवा स्वतःच्या धंद्यात वस्तू घडवायच्या आहेत त्यांना मी एवढेच सुचवीन. बाजारातून असा एक पेला आणा. आठ दिवस त्यात दूध घालून घरच्यासारखा वापरा आणि घरच्यासारखाच धुवा. मग झडप धारदार पात्याने उभी चिरा आणि भिंगाखाली पाहा. जे दिसेल ते लिहून काढा, आणि त्यानंतरच कागदावर पहिली रेघ ओढा.